सुटी कोणती आणि प्रवास कशाने : कोल्हापुरातून निघणाऱ्यांसाठी

सुटीचे बेत आपल्याकडे बहुधा ठिकाणाच्या नावापासून सुरू होतात. कोणी केरळ म्हणते, मुलांना मालवणचा समुद्र हवा असतो, वडीलधाऱ्यांच्या मनात तिरुपतीचा नवस असतो, आणि एकदा नाव ठरले की मुक्काम, वाहन आणि खर्च ही सारी गणिते त्या नावाभोवती ओढूनताणून बसवली जातात. माझा आग्रह याच्या उलट क्रमाचा आहे. बरोबर कोण येणार, हाती नेमके किती दिवस आहेत आणि महिना कोणता, या तीन गोष्टी आधी कागदावर लिहाव्यात. त्यानंतर दिशा ठरवावी, कारण कोल्हापूरकरांच्या बाबतीत दिशा ठरली की वाहन बहुतांशी ठरल्यासारखेच असते.

याचे कारण शहराच्या जागेत आहे. मिरजेकडून येणारा लोहमार्ग छत्रपती शाहू महाराज टर्मिनसला संपतो. वैभववाडीपर्यंतच्या रेल्वेमार्गाची चर्चा कित्येक वर्षे चालू असली तरी पश्चिमेला कोकणात उतरायचे ते आजही घाटरस्त्यानेच. रत्नागिरी आणि गणपतीपुळ्यासाठी आंबा घाट, राजापूरसाठी अणुस्कुरा, वैभववाडी-कणकवलीसाठी गगनबावड्याहून करूळ किंवा भुईबावडा, राधानगरी-दाजीपूरमार्गे फोंडा घाट आणि सावंतवाडीसाठी आजऱ्याकडून आंबोली, या सर्व वाटांवर एसटी किंवा मोटार हीच साधने आहेत. उत्तरेला सातारा, पुणे, मुंबईच्या बाजूस रेल्वे, एसटी, खासगी बस आणि स्वतःची गाडी असे सगळे पर्याय खुले असतात. दक्षिणेला बेळगाव-हुबळीकडे महामार्ग चांगला आहे. रेल्वेने जायचे तर मात्र बहुतेक वेळा सुमारे 48 किलोमीटरवरचे मिरज गाठावे लागते, कारण लांब पल्ल्याच्या अनेक गाड्या कोल्हापूरला न येता तेथूनच पुढे जातात.

सर्वांत हळू चालणारे माणूस कोण?

बेत आखताना घरातील सर्वांत धडधाकट माणसाचा उत्साह गृहीत धरला जातो आणि त्रास मात्र सर्वांत नाजूक प्रकृतीच्या माणसाला होतो. म्हणून यादीतील प्रत्येक ठिकाण त्या एका माणसाच्या नजरेने तपासावे. गुडघे दुखणाऱ्या आजींना खिद्रापूरचे शिलाहारकालीन कोपेश्वर मंदिर निवांत पाहता येते, कारण ते सपाटीवर आहे. पन्हाळ्यावर गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे वृद्धांनाही तीन दरवाजापर्यंत किंवा अंबरखान्यापर्यंत जाणे जमते. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्यासाठी मात्र हलत्या होडीत चढउतार करावी लागते, आणि आत बरेच चालावे लागते. पन्हाळा, सिंधुदुर्ग आणि विजयदुर्ग हे तिन्ही किल्ले जुलै 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत आलेल्या 12 किल्ल्यांपैकी आहेत आणि तिन्ही आपल्या आवाक्यातले आहेत. पण तिघांसाठी लागणारे पाय वेगवेगळे आहेत, हे ध्यानात ठेवावे.

लहान मुलांच्या बाबतीत ठिकाणापेक्षा रस्त्याचा विचार अधिक करावा लागतो. आंबा गाव मागे टाकून गाडी साखरप्याकडे उतरू लागली की मागच्या बाकावर बसलेले मूल एकाएकी बोलायचे थांबते, ओठ पांढरे पडतात, कपाळाला गार घाम येतो, आणि पुढच्या दोन वळणांत गाडी थांबवावी लागते. ज्यांना गाडी लागते त्यांना मधल्या बाकावर, समोरचा रस्ता दिसेल असे बसवावे, हातात मोबाइल देऊ नये, काच थोडी उघडी ठेवावी आणि निघण्यापूर्वी तेलकट खाऊ घालू नये. उलटीची गोळी डॉक्टरांना विचारून घाट सुरू होण्याच्या तासभर आधी द्यावी. उलटी झाल्यावर दिलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही. घाट चढण्या-उतरण्याच्या अलीकडे-पलीकडे दहा मिनिटे थांबणे हे सर्वांनाच मानवते.

घरातील आणखी एका व्यक्तीचा विचार हमखास राहून जातो. स्वयंपाकघरासह घर भाड्याने घेतले की खर्च वाचतो हे खरे, परंतु सकाळचा चहा, मुलांचा नाश्ता आणि रात्रीची खिचडी तेथेही घरच्याच बाईने करायची असेल तर ती सुटी इतरांची झाली, तिची नव्हे. कोकणातील घरगुती निवासांमध्ये जेवणाची सोय असते आणि आदल्या दिवशी सांगितल्यास शाकाहारी व मासेखाऊ अशी दोन्ही ताटे मिळतात. हे चार पैसे वाचवू नयेत, असे मी प्रत्येकाला कळकळीने सांगतो.

दिवसांचा नव्हे, तासांचा हिशेब

अंतर किलोमीटरमध्ये मोजले की माणूस फसतो. घराचा उंबरा ओलांडल्यापासून मुक्कामाच्या खोलीत पिशवी टेकेपर्यंतचे तास मोजावेत. मालवण कोल्हापूरपासून ढोबळमानाने दीडशे किलोमीटर आहे, पण घाट, चहापाणी आणि कणकवलीच्या पुढचा अरुंद रस्ता धरता साडेचार तास सहज जातात. शनिवार-रविवारच्या दोन दिवसांत जागेपणीचे साधारण 28 तास हाती असतात आणि जाण्यायेण्यात त्यांपैकी नऊ संपतात. जागेपणीच्या वेळेपैकी एक तृतीयांशाहून अधिक प्रवासात जात असेल तर ते ठिकाण त्या सुटीसाठी नाही, असा माझा साधा निकष आहे. या निकषाने दोन दिवसांचे मालवण जेमतेम बसते आणि तीन दिवसांचे सुखाचे होते. दोनच दिवस असतील तर आंबा किंवा गगनबावड्याचा एक मुक्काम अधिक विश्रांती देतो.

एकाच दिवसाची मोकळीक असेल तर तिलाही सुटीचाच मान द्यावा. जोतिबा आणि पन्हाळा एका फेरीत होतात. चैत्र यात्रेच्या काळात मात्र दर्शनाला जायचे नसेल तर त्या बाजूची सहल टाळावी. नृसिंहवाडी सुमारे 45 किलोमीटरवर आहे आणि तेथून पुढे खिद्रापूर करता येते. वाडीला सकाळी लवकर पोचावे, पादुकांचे दर्शन घेऊन कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर घाटाच्या पायऱ्यांवर थोडा वेळ बसावे, बासुंदी किंवा कवठाची बर्फी बरोबर घ्यावी आणि ऊन चढण्याच्या आत खिद्रापूरच्या स्वर्गमंडपात उभे राहावे. तेथील गोल उघडे छत आणि त्यातून खालच्या वर्तुळाकार शिळेवर पडणारा प्रकाश पाहण्यासारखा आहे. अशा सहलीला मुक्कामाचा खर्च नाही, रजा नाही, आणि घरातील कोणालाही मागे ठेवावे लागत नाही.

महिना पाहून ठिकाण

समुद्रासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला. मे महिन्यात आंब्या-फणसाची चंगळ असते, परंतु दमट उकाडा आणि शाळांच्या सुट्यांची गर्दी एकत्र येते. म्हणून मेमध्ये कोकणात जायचेच असेल तर खोली खूप आधी ठरवावी आणि वीज गेल्यास काय सोय आहे हे विचारून घ्यावे. जून ते सप्टेंबर समुद्र खवळलेला असतो, सिंधुदुर्ग किल्ल्याची होडी वाहतूक आणि तारकर्लीचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. त्या दिवसांत समुद्र पाहावा, पाण्यात उतरू नये.

पावसाळ्याचे सुख घाटमाथ्यावर आहे, पण त्याची तयारी वेगळी असते. जुलै-ऑगस्टमध्ये कोठेही मुक्कामी जाण्यापूर्वी राजाराम बंधाऱ्याजवळची पंचगंगेची पातळी पाहण्याची सवय लावून घ्यावी. तेथे इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. पाणी इशारा पातळीकडे चालले असेल तर गगनबावड्याकडचा रस्ता बंद होण्याची शक्यता धरून चालावे, आणि लांबचा बेत असेल तर परतीची तारीख लवचीक ठेवावी. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन पुण्या-बेंगळुरूकडची वाहतूक थांबली होती. रेल्वेलाही पावसाचे भय असते : 27 जुलै 2019 रोजी मुंबईहून कोल्हापूरला येणारी महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पुराच्या पाण्यात अडकली होती आणि प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले होते. ज्यांना ठरलेल्या दिवशी कामावर हजर व्हावेच लागते त्यांनी या दोन महिन्यांत परतीनंतर एक दिवस मोकळा ठेवावा. पन्हाळा ते विशाळगड ही पावनखिंडीची पदभ्रमंती जुलैमध्ये मोठ्या श्रद्धेने केली जाते, आणि 1660 सालच्या त्या रात्रीची आठवण चिखल तुडवीत मनात जागवणे हा अनुभव निश्चितच मोलाचा आहे. मात्र तो सहलीचा प्रकार नाही. रोज चालण्याचा सराव नसणाऱ्यांनी आणि लहान मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी ती वाट थंडीसाठी राखून ठेवावी.

दाजीपूरच्या जंगलासाठी हिवाळा आणि उन्हाळ्याची सुरुवात योग्य, कारण पावसाळ्यात जंगलसफर बंद असते. 1958 साली गव्यांसाठी राखले गेलेले हे जंगल आता राधानगरी अभयारण्य म्हणून ओळखले जाते आणि 2012 पासून जागतिक वारसास्थळांत मोडणाऱ्या पश्चिम घाटाचा भाग आहे. येथे गवा दिसेलच अशी हमी कोणी देऊ शकत नाही. मुलांना तसे आधीच सांगून न्यावे, म्हणजे झाडे, पक्षी आणि पाऊलखुणा पाहण्यातही त्यांचे मन रमते.

आता वाहन

एसटीला आपण उगाच कमी लेखतो. मार्च 2023 पासून महिलांना एसटीच्या भाड्यात 50 टक्के सवलत आहे, 65 ते 75 वर्षांच्या ज्येष्ठांना निम्मे तिकीट आहे आणि 75 वर्षांवरील प्रवाशांना प्रवास मोफत आहे. पतिपत्नी, 70 वर्षांच्या आजी आणि 10 वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले तर सर्व मिळून अडीच तिकिटे लागतात. हेच कुटुंब स्वतःच्या मोटारीने मालवणला गेले आणि तेथील फिरणे धरून 360 किलोमीटर झाले, तर लिटरला 15 किलोमीटर या हिशेबाने 24 लिटर पेट्रोल लागते. पेट्रोल 105 रुपये धरल्यास 2520 रुपये झाले, गाडीची झीज वेगळी. नुसते जाणे-येणे पाहिले तर एसटी बहुधा स्वस्त पडते. मात्र मालवणहून तारकर्ली, तेथून देवबाग, असे फिरताना रिक्षाचे भाडे वाढत जाते, म्हणून ते मिळवूनच तुलना करावी. ज्येष्ठांनी वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड बरोबर ठेवावे. या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात, त्यामुळे बेळगाव किंवा पणजीच्या गाडीत सीमेपलीकडच्या टप्प्याचे पूर्ण भाडे द्यावे लागते. एकट्यादुकट्याने महाराष्ट्र पाहायचा असेल तर एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास फार उपयोगी आहे. शेवटच्या टप्प्यासाठी वडाप मिळते, पण दाटीवाटीने भरलेल्या जीपमध्ये घाट उतरणे कुटुंबासाठी योग्य नव्हे.

भाड्याची गाडी घेताना दर किलोमीटरपेक्षा इतर अटी आधी विचाराव्यात. बाहेरगावच्या भाड्यात बहुतेकदा दिवसाला किमान 250 ते 300 किलोमीटर धरले जातात, म्हणजे गाडी दिवसभर रिसॉर्टच्या दारात उभी राहिली तरी तेवढे पैसे मोजावे लागतात. म्हणून एकाच जागी तीन दिवस राहायचे असेल तर सोडण्याचे आणि आणण्याचे भाडे वेगळे ठरवून पाहावे. टोल, पार्किंग, चालकाचा भत्ता, रात्रीचा आकार आणि कर्नाटक किंवा गोव्यात शिरताना लागणारा कर कोणी भरायचा, हे सारे मोबाइलवर लिखित संदेशात घ्यावे. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घेऊ नये. अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येतो, आणि नुकसान आपल्याच माथी बसते. चालकाला रात्री झोपण्यासाठी नीट जागा आणि वेळेवर जेवण मिळाले पाहिजे, कारण पूर्ण झोप न झालेला माणूस दुसऱ्या दिवशी आपल्या मुलाबाळांना घेऊन घाट उतरणार असतो.

रेल्वेची खरी किंमत लांबच्या प्रवासात कळते. वृद्ध माणसाला पाय पसरता येतात, स्वच्छतागृह जवळ असते, शिदोरीतल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी सर्वांनी मिळून खाता येते. हरिप्रिया एक्सप्रेस कोल्हापुरातून थेट तिरुपतीला जाते, हे सर्वांना ठाऊक असते. पण तीच गाडी बेळगाव, हुबळी, गदगमार्गे होसपेटला थांबते, त्यामुळे हंपीसाठीही ती सोयीची आहे, आणि चार दिवस मोकळे असलेल्या कुटुंबाने हंपीचा विचार जरूर करावा. नोव्हेंबर 2024 पासून आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी खुले होते, पूर्वीसारखे 120 दिवस आधी नाही. दिवाळी आणि मे महिन्याच्या प्रवासासाठी ती तारीख दिनदर्शिकेवर लिहूनच ठेवावी. 60 वर्षांवरील पुरुषांसाठी आणि 45 वर्षांवरील महिलांसाठी खालच्या बर्थचा वेगळा कोटा असतो. तो एका तिकिटावर एक किंवा दोनच प्रवासी असताना लागू होतो, म्हणून आजी-आजोबांचे तिकीट इतरांपासून वेगळे काढावे. प्रतीक्षा यादीतील ई-तिकीट चार्ट लागेपर्यंत निश्चित झाले नाही तर आपोआप रद्द होते. तशा तिकिटाच्या भरवशावर मुक्कामाचे पूर्ण पैसे आधी भरू नयेत. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास परतावा मिळत नाही, हेही लक्षात असू द्यावे.

उजळाईवाडीच्या विमानतळामुळे मोठ्या शहरांशी विमानाने जोडले जाणे शक्य झाले आहे, परंतु उड्डाणांची ठिकाणे आणि वार बदलत असतात, त्यामुळे जुन्या माहितीवर बेत आखू नये. दूरच्या प्रवासासाठी पुणे, गोवा किंवा बेळगावचे विमान स्वस्त दिसले तर तेथवरचे गाडीभाडे आणि तास त्यात मिळवून मगच तुलना करावी. अनेकदा दिसणारी बचत तेथेच संपते. मुंबईहून विमान पकडायचे असेल तर रात्रीच्या रेल्वेने सकाळी पोचून त्याच दिवशी संध्याकाळचे उड्डाण घ्यावे, सकाळचे घेऊ नये.

सहल कंपनीबरोबर की आपले आपण?

भाषा अनोळखी, अंतर मोठे आणि बरोबर वृद्ध माणसे असतील तर सहल कंपनीबरोबर जाणे हिताचे असते. सामान, जेवण आणि तिकिटांची काळजी दुसरा घेतो आणि मराठी बोलणारा सहप्रवासी मिळतो. त्याची किंमत म्हणून पहाटेची हाक आणि ठरलेल्या मिनिटांत उरकायचे दर्शन स्वीकारावे लागते. ज्यांना एखाद्या मंदिराच्या पायरीवर तासभर बसावेसे वाटते त्यांनी आपले आपण जावे. कंपनीकडून हॉटेलची नावे, रेल्वेचा वर्ग, कोणती प्रवेश तिकिटे दरात धरलेली आहेत, एका खोलीत किती जण आणि रद्द केल्यास किती रक्कम कापली जाईल, हे छापील स्वरूपात घ्यावे. परदेशी सहलीच्या रकमेवर कंपनी टीसीएस (विक्रेत्याने गोळा करून सरकारकडे भरायचा कर) घेते, तो प्राप्तिकर विवरणपत्र भरताना समायोजित करता येतो; त्याचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. पासपोर्टची मुदत प्रवासानंतर किमान सहा महिने शिल्लक असावी.

उंचावरील यात्रांबाबत थोडे निक्षून सांगावेसे वाटते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, लेह सुमारे 3500 मीटरवर आणि केदारनाथ सुमारे 3580 मीटरवर. तेथे हवेतील प्राणवायू विरळ असतो, आणि डोकेदुखी, मळमळ, धाप लागणे ही लक्षणे तरुण माणसातही दिसतात. लेहला विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस फक्त विश्रांतीसाठी ठेवावेत. ज्या सहलीच्या कार्यक्रमपत्रिकेत दुसऱ्याच दिवशी उंच खिंड दाखवली असेल ती सहल नाकारावी. हृदयविकार, दमा किंवा रक्तदाब असणाऱ्यांनी पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. चारधामसाठी उत्तराखंड शासनाकडे आधी नोंदणी करावी लागते, आणि अमरनाथसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र सक्तीचे आहे.

परतीचा दिवस

जाण्याचा दिवस सगळे नीट आखतात, परतीचा मात्र उरलासुरला असतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर जिल्ह्यातील रस्त्यांवर ऊस भरलेल्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर चालू असतात; त्यांतील अनेकांना मागे लाल दिवा किंवा परावर्तक पट्टी नसते, आणि अंधारात त्या दिसेपर्यंत फार जवळ आलेल्या असतात. म्हणून हंगामात कोकणातून निघताना घाट दुपारीच चढावा आणि दिवेलागणीच्या आत घरी पोचावे. पुण्याकडून स्वतःच्या गाडीने येताना रविवारी संध्याकाळी तासवडे आणि किणीच्या नाक्यांवर रांगा लागण्याचा संभव असतो. सकाळी लवकर निघाल्यास त्या टळतात. रात्रीच्या बसने सोमवारी पहाटे उतरून त्याच दिवशी कामावर जायचे असेल तर आदल्या दिवशीची निघण्याची वेळ शक्य तितकी लवकरची निवडावी, म्हणजे घरी आंघोळ आणि दोन तास झोप मिळते.